कोरी बाटली

गुरुग्रामच्या एका सोसायटीने आपल्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये संशोधक श्रावस्तीला प्रयोगासाठी एक कोपरा दिला होता. तिथे तिने माणसाच्या उंचीचं नळकांडं उभं केलं आणि त्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला. या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. पाण्यातून आलेली औषधं त्यांत शिरतात आणि चिकटून बसतात. म्हणजे बसायला हवीत. डायक्लोफेनॅक, आपलं घरोघरचं अंगदुखीचं औषध, पाच आठवडे झाले तरी नळकांड्यातून गाळून खाली आलेल्या पाण्यात हजर! शुक्रवारी सोसायटीची कमिटी बसणार होती. तोवर आकडा उतरला नाही, तर तीन वर्षांची मेहनत भंगारात जाणार होती.

श्रावस्तीने कोळसा बदलला, पाण्याचा वेग कमी केला, पंपवाल्यावर खापर फोडलं. नमुन्याच्या बाटल्या मात्र ती स्वतःच भरायची. दुसऱ्याच्या हातावर तिचा विश्वास नव्हता.

सोमवारी तिने पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. लॅबमधलं शुद्ध पाणी प्लांटवर नेलं आणि तिथे उभं राहून दुसऱ्या बाटलीत ओतलं. ही कोरी बाटली. हिच्यात काही निघता कामा नये. मंगळवारी निकाल आला. डायक्लोफेनॅक!

हनुवटीला हात लावून ती यंत्रासमोर बसली, आणि तिला बोटांचा वास आला. रोज सकाळी फरीदाबादच्या घरी ती आईच्या, गंगुबाईंच्या, गुडघ्यांना डायक्लोफेनॅकचंच जेल चोळायची, हात धुऊन निघायची आणि त्याच बोटांनी हातमोजे चढवायची. कोळशाने गाळलेल्या पाण्यात औषध घालत होती ती स्वतःच. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला आधी हसू आलं, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी लॅबमधल्या गौरवने बाटल्या भरल्या. कोरी बाटली कोरी निघाली, आणि नळकांड्याखालच्या पाण्यात औषध जवळजवळ नव्हतंच.

जुने आकडे गुपचूप गाळता आले असते. तिने ते कमिटीसमोर ठेवले.

"कोयला ठीक है. गलती मेरे हाथ की थी. माँ के घुटनों पर जेल लगाकर आती थी."

अध्यक्ष सत्तरीचे होते. "कौन सी? नीली ट्यूब?" त्यांनी विचारलं. "वो तो हम सब लगाते हैं. फिर नाली में ये हमारा ही आता है?"

"जी. नहाते वक्त."

सगळे एकदम आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. सहा महिने वाढवून मिळाले.

जेल लावायचं काम आता तिच्या भावाकडे, सिद्धांतकडे, आलं. रविवारी गंगुबाई भिंत धरून स्वयंपाकघरात निघाल्या होत्या.

"आई, सिद्धांतने लावलं ना?"

"लावतो की. भिंतीला रंग फासावा तसा." मग घाईने म्हणाल्या, "पण असू दे गं. माझ्यापायी तुझं काम बिघडायला नको. मला काही इतकं दुखत नाही."

श्रावस्तीने त्यांना पलंगावर बसवलं, फळीवरची ट्यूब काढली आणि खाली बैठक मारली.

"अगं, अगं, तुझं पाणी!"

"बाटल्या गौरव भरेल," ती झाकण उघडत म्हणाली. "पाय लांब कर."