हॉलिसची हवा

ऑगस्ट लागला की आमच्या बिटररूटच्या खोऱ्यात डोंगर दिसेनासे होतात. कुठेतरी जंगल पेटलेलं असतं आणि त्याचा धूर खाली उतरून आमच्यात मुक्काम ठोकतो. त्या वर्षी तर जुलैतच आला. पडदे, उशा, लोणी, सगळ्याला शेकोटीचा वास. सकाळी उठून मी शिंकायला लागायचे ती कॉफी गार होईपर्यंत शिंकत राहायचे.

शेवटी मी नवऱ्याला न विचारता हवा शुद्ध करायचं यंत्र मागवलं.

खोकं दारात आलं तेव्हा हॉलिस त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "नेड्रा, मी तीस वर्षं सॉ मिलमध्ये भुसा खाल्लाय. माझ्या फुप्फुसांना काही झालं का?"

"तू घोरतोस तेव्हा अजून करवत चालू असल्यासारखं वाटतं," मी म्हटलं. "उघड ते."

हॉलिसचा स्वभाव असा की वस्तू नको असली तरी जोडायची मात्र त्यानेच. मी खोक्यातली पुस्तिका हातात घेतली तर त्याने ती काढून घेतली. "पंखा आहे गं तो. पंख्याला कसलं पुस्तक?" बैठकीच्या खोलीतलं छोटं टेबल एका पायाने लंगडत होतं. पुस्तिकेची घडी त्याने त्या पायाखाली सारली, टेबलावर यंत्र ठेवलं, वायर लावली आणि बटण दाबलं. निळा दिवा लागला. यंत्र अगदी हळू गुणगुणायला लागलं.

"आवाज तर काहीच नाही," मी म्हटलं.

"चांगल्या मशीनचा आवाज नसतोच." हॉलिस खुर्चीत बसला. डोळे मिटून त्याने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हे यंत्र त्यानेच शोधून काढलंय.

"नेड्रा," तो म्हणाला, "ही हवाच वेगळी आहे."

माणूस बदलला तो त्या दिवसापासून. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी बेकन तळायला बंदी आली. तिसऱ्या दिवशी माझ्या केसांच्या फवाऱ्याला. मी टोस्ट जरा जास्त भाजला तर हा यंत्राजवळ जाऊन उभा राहायचा, आजारी माणसाच्या उशाशी राहावं तसा. "त्याला त्रास होतो गं," म्हणायचा. चाळीस वर्षांच्या संसारात मला काय त्रास होतो हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

दर रविवारी तो व्हॅक्यूमची नळी घेऊन यंत्राची बाहेरची जाळी साफ करायचा. जाळीवर धूळ नसायचीच. त्याचंही त्याला कौतुक. "बघ! किती स्वच्छ! काय कारागिरी आहे!"

"पण मी अजून शिंकतेय, हॉलिस."

"तुझं नाक जुनं झालंय."

आता इतकी चांगली हवा एकट्यानेच घ्यायची, तर हॉलिसला ती पचेना. पोस्टात, हार्डवेअरच्या दुकानात, जिथे जाईल तिथे तो यंत्राची गोष्ट काढायचा. पहिली आली कॉर्डीलिया प्रुएट, आमच्या चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख. धुराने तिचा आवाज बसला होता आणि आवाज बसलेली कॉर्डी म्हणजे दात पडलेला कुत्रा, भुंकायची इच्छा तेवढीच. येताना तिने झुकिनी, म्हणजे काकडीसारखी एक भाजी, घालून केलेला केक आणला. आमच्याकडे ऑगस्टमध्ये झुकिनी इतक्या होतात की लोक गाडीला कुलूप लावतात, नाहीतर कोणीतरी आत पिशवीभर ठेवून पळतं.

कॉर्डी सोफ्यावर बसली. हॉलिसने तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. तिने घेतला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "घसा मोकळा झाल्यासारखा वाटतोय!" आणि तिथल्या तिथे वरची पट्टी लावून दाखवली. यंत्राने काही मनावर घेतलं नाही, पण आमचं मांजर त्यानंतर दोन दिवस पलंगाखाली होतं.

मग ती रोज दुपारी यायला लागली. आणि एके दिवशी दारात उभा राहिला ऑर्व्हल.

ऑर्व्हल टोर्गर्सन आमचा शेजारी. त्याची बायको गेली तेव्हापासून एकटाच राहतो. अकरा वर्षं तो आणि हॉलिस एकमेकांशी बोलत नव्हते. कुंपणावर त्याचं एक उंच स्प्रूसचं झाड आहे. एका वसंतात हॉलिसने आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या खालपासून वरपर्यंत साफ छाटल्या. अर्धी मिशी उडवलेल्या माणसासारखं ते झाड तेव्हापासून उभं आहे. ऑर्व्हलने बोलणं टाकलं. हॉलिसला ते बरंच वाटलं असं तो म्हणायचा.

ऑर्व्हल धापा टाकत होता. त्याची फुप्फुसं आधीच कमजोर, त्यात हा धूर. तो हॉलिसकडे न बघता मला म्हणाला, "नेड्रा, डॉक्टर म्हणतोय की चांगल्या हवेत बस. गावात चांगली हवा फक्त या गाढवाकडे आहे असं ऐकलं."

हॉलिस आतून ओरडला, "गाढवाने दार उघडं ठेवायला सांगितलेलं नाही! आत ये नाहीतर बाहेर जा, हवा चाललीय माझी!"

ऑर्व्हल आत आला.

पहिले तीन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलले. चौथ्या दिवशी पत्त्यांचा डाव पडला आणि पत्त्यांत मधला माणूस चालत नाही. आठवड्याभरात दोघं एकमेकांवर थेट ओरडायला लागले होते. ऑर्व्हल दोन वाजता यायचा, यंत्राच्या अगदी समोरची खुर्ची धरायचा आणि पाचला उठताना दर वेळी म्हणायचा, "हवा मात्र खरी आहे तुझी. बाकी तुझ्यात काही नाही."

बघता बघता यंत्र येऊन पाच आठवडे झाले. कॉर्डीने तर रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून देवाचे आणि आमच्या यंत्राचे आभार मानले. हॉलिस मान खाली घालून बसला होता, पण कान लाल झाले होते आनंदाने.

त्याच आठवड्यात एका सकाळी निळ्या दिव्याशेजारी पिवळा दिवा लागला.

हॉलिसचा चेहरा पडला. "नेड्रा! हे काय गं?"

"पुस्तिकेत असेल."

टेबल उचलून मी पायाखालची पुस्तिका काढली. पिवळा दिवा म्हणजे मागचं झाकण उघडून आतली जाळी साफ करा, एवढंच होतं. पण मला ते पान सापडायच्या आधी पहिलंच पान उघडलं. त्यावर लाल अक्षरांत, बोटभर जाडीची एक सूचना होती. मी ती मनात वाचली. परत वाचली. आणि गप्प राहिले, कारण काही गोष्टी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात.

हॉलिसने मागचं झाकण काढलं. मी विजेरी धरली. आत फिल्टर होता, पांढराशुभ्र, नवाकोरा, चुण्याचुण्यांचा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला. लग्नात आलेल्या आणि कधीच न उघडलेल्या भेटीसारखा चकाकत होता.

हॉलिसने झाकण खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "दार लाव."

"घरात आपण दोघंच आहोत, हॉलिस."

"तरी लाव."

मी दार लावलं. तो पिशवीकडे बघत राहिला. "म्हणजे पाच आठवडे..."

"पाच आठवडे आपण एका पंख्यासमोर बसून प्रार्थना केली."

"ऑर्व्हलला सांगायचं नाही. कॉर्डीला तर मुळीच नाही. शपथ घे."

शपथ मी घेतली नाही, पण हसू दाबायला न्हाणीघरात जावं लागलं. बाहेर आले तेव्हा पिशवी कचऱ्यात अगदी तळाला, कॉफीच्या चोथ्याखाली गेली होती. त्याने बटण दाबलं. यंत्र खडबडून जागं झालं. असा झोत सुटला की टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं. त्या दुपारी दोन वाजेपर्यंत मी एकदाही शिंकले नव्हते.

दोनला कॉर्डी आणि ऑर्व्हल आले. आपापल्या जागी बसले. कॉर्डीने नाक वर केलं.

"आज काहीतरी वेगळं आहे," ती म्हणाली.

"काही वेगळं नाही," हॉलिस पत्ते पिसत म्हणाला. दोन पत्ते खाली पडले.

"आवाज येतोय," ऑर्व्हल म्हणाला. "आणि मानेला वारा लागतोय."

"कालच्या हवेत एक गोडवा होता," कॉर्डी म्हणाली. "ही कोरडी आहे. माझा घसा ओळखतो ना. हॉलिस, काही बिघडलंय बघ."

"बिघडलेलं नाही! आज तर ते पहिल्यांदा..." हॉलिस थांबला.

"पहिल्यांदा काय?" ऑर्व्हलने पत्ते खाली ठेवले.

हॉलिसने माझ्याकडे बघितलं. मी कॉर्डीने आणलेला केक कापत राहिले.

"काल होतं तसं कर बाबा," कॉर्डी म्हणाली. "जे काय केलंयस ते परत पूर्वीसारखं कर."

आता मात्र हॉलिसला सहन होईना. त्याने हातातले पत्ते टेबलावर आपटले. "पूर्वीसारखं करायला मला कचऱ्यात हात घालावा लागेल! फिल्टर पिशवीत होता! पाच आठवडे! पिशवीच काढली नव्हती मी! आता आज खरी हवा आलीय तर तुम्हाला ती आवडत नाही!"

कॉर्डी सोफ्यावरून उठली.

"मी," कॉर्डी म्हणाली, "भर चर्चमध्ये साक्ष दिली."

"देवाला माहीत असेल ना गं," मी म्हटलं. "तो काही फसला नसेल."

"देवाचं सोड, गायनमंडळाला काय सांगू?" तिने उरलेला केक उचलला, डब्यात घातला आणि डबा काखेत मारला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. कॉर्डी केक परत नेत नाही.

ऑर्व्हल हसायला लागला. "म्हणजे इतके दिवस... मी डॉक्टरच्या सांगण्यावरून... तुझे मोजे हुंगत बसलो होतो!" हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता परत हसला. पण दार गाठेपर्यंत हसू गेलं होतं. टोपी घातली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, ऑर्व्हल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. धूर त्या दोन दिवसांत इतका दाट झाला की समोरच्या रस्त्यावरची टपालपेटी दिसेना. हॉलिस खिडकीपाशी उभा राहून त्या अर्ध्या झाडाकडे बघत होता.

"रागावलाय," तो म्हणाला.

"रागावला नाही," मी म्हटलं. "यायला कारण राहिलं नाही त्याला. मशीन काही करतच नव्हतं तर रोज कशाला यायचास, असं कोणी विचारलं तर तो काय सांगणार?"

"पत्त्यांना यायचो म्हणून सांगावं."

"तू सांगितलं असतंस?"

हॉलिस खिडकीपासून बाजूला झाला. गाडीची किल्ली घेतली आणि गेला. तासाभराने आला तो एक मोठा चौकोनी पंखा, घर गरम करायच्या भट्टीत घालतात तसले चार जाड फिल्टर आणि चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन. चार फिल्टर चार भिंतींसारखे उभे करायचे, तळाला पुठ्ठा, वर पंखा, सगळं चिकटवायचं. झालं घरगुती यंत्र. दुकानातल्या बाईने कृती कागदावर लिहून दिली होती. गॅरेजमध्ये बसून हॉलिसने तो कागद मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. माझ्या नवऱ्याला सूचना वाचताना मी प्रथमच ऐकत होते.

ते चिकटवलेलं खोकं दोघांनी धरून आम्ही ऑर्व्हलच्या दारात नेलं. त्याने दार बोटभर उघडलं. श्वास वाजत होता त्याचा.

"पिशव्या काढल्यास का?"

"काढल्या."

"चारही?"

"मोज हवं तर."

त्याने खरंच चारही फिल्टर बोट लावून मोजले. आत घेऊन आम्ही खोकं त्याच्या पलंगाशेजारी ठेवलं, तर तो खाली वाकून म्हणाला, "या फिल्टरवर बाण आहे. बाण बाहेर का दाखवतोय?"

"हवा बाहेर जाते म्हणून."

"अरे मूर्खा, हवा बाजूंनी आत जाते आणि पंख्यातून वर निघते! बाण आत हवा!"

"कोण म्हणतं?"

"बाण म्हणतो!"

अर्धा तास वाद चालला. शेवटी मी कागदाचा कपटा घेऊन फिल्टरला लावला. तो चिकटून राहिला. हवा आतच ओढली जात होती. ऑर्व्हल खुर्चीत मागे रेलून बघत राहिला आणि हॉलिसने चारही फिल्टर सोडवून, उलटे करून, परत चिकटवले. तोंडाने सारखं पुटपुटत होता, पण एकही फट ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. ऑर्व्हलची मुलगी जनेल, स्पोकॅन शहरातून. "नेड्रा मावशी, बाबा सातपासून फोन उचलत नाहीयेत. ते पाचला उठतात. जरा बघता का?"

मी हॉलिसला सांगायला लागले तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो निघाला होता, सपातांवर, अंगात झोपायचा सदरा. मी मागे पळत होते. दाराला कुलूप नव्हतं. "ऑर्व्हल!" तो ओरडला. "ऑर्व्हल!" पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. झोपायच्या खोलीत ऑर्व्हल उताणा पडला होता, तोंड उघडं, हालचाल नाही. हॉलिसने त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

ऑर्व्हलने डोळे उघडले. समोर माझ्या नवऱ्याचा चेहरा, वीतभर अंतरावर, डोळ्यांत पाणी.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तू मेलास असं वाटलं!"

"मेलो नव्हतो, झोपलो होतो! जुलैपासून पहिल्यांदा झोपलो होतो, हलकटा!" त्याने उशी फेकून मारली. ती हॉलिसला लागली नाही, पंख्यावर पडली, आणि आवाज बंद झाला तसे दोघेही एकदम ओरडले, "काढ ती! हवा अडतेय!"

मी जनेलला फोन लावायला बाहेर गेले.