गुडघ्याच्या मापाचा जबडा

आमच्या प्रयोगशाळेत सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जबड्याचा सांधा झिजला की त्याच्या कूर्चेतली, म्हणजे हाडांमधल्या लवचीक गादीतली, पाणी धरून ठेवणारी साखर घटते, रंग टाकला तरी कूर्चा लाल न होता फिकट राहते. इथवर सगळं खरं. सरांनी त्यावर एक तक्ता केला: साखर इतकी असली तर ठीक, कमी असली तर सांधा काढा आणि धातूचा बसवा. सर्जन मंडळी तो डोळे मिटून पाळत.

माझ्या ताईचा जबडा जांभई देताना कटकन वाजायचा. सर्जननी दुर्बिणीतून कूर्चेचा तुकडा काढला, तपासला मीच. तक्त्याप्रमाणे सांधा कामातून गेलेला. ऑपरेशन सोमवारी ठरलं. ताई गाणं शिकवते. ती एवढंच म्हणाली, "तोंड पुन्हा नीट उघडेल ना गं?"

मला चैन पडेना. तक्त्याची जुनी वही काढली. 'निरोगी' या रकान्यातले सगळे नमुने गुडघ्याचे! जबड्यातून नखाएवढा तुकडा मिळतो, गुडघ्यातून हवा तेवढा. मग कोण कष्ट घेतो? पण जबड्याच्या कूर्चेत मुळातच तंतू जास्त आणि साखर कमी. या मापानं ठणठणीत जबडाही आजारीच ठरणार.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, कूर्चा ती कूर्चा. वीस वर्षांत कुणी तक्रार केली का?"

धातूचा जबडा बसल्यावर जुना चांगला होता हे कुणाला कळणार, तक्रार कोण करणार?

शनिवारच्या बैठकीत सर्जनांसमोर मी जबड्याच्या कूर्चेची एक स्लाइड लावली, साखरेचा आकडा सांगितला, कुणाची ते सांगितलं नाही. सरांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काढून टाका. यात काही उरलेलं नाही."

"बावीस वर्षांच्या मुलाचा सांधा आहे सर," मी म्हणाले. "डोक्याला मार लागून गेला, घरच्यांनी देहदान केलं. जबड्याची त्याला कधी तक्रार नव्हती."

सर चष्मा पुसत बसले. एवढा विद्वान माणूस, पण 'चुकलो' हा शब्द काही तोंडातून निघेना.

ताईचे सर्जन म्हणाले, "सोमवारचं रद्द." मला इतकं हायसं वाटलं की रडूच येणार होतं. तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "आणि आधी मी काढले ते एकतीस सांधे?"

त्यातल्या एकोणीस रिपोर्टांवर सही माझी होती.