वहिनींचं सदतीस

मित्रांनो, मी एक जुना स्टब आहे. स्टब म्हणजे चाचणीपुरतं ठरवून दिलेलं उत्तर. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात ना, ती पेटी ऊबदार ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत मी राहायचो. तिथे खरा तापमापक नसतो. प्रोग्रामने "तापमान किती?" असं विचारलं, की त्याच्या जागी मी सांगायचो, "सदतीस."

मला वहिनींनी लिहिलं. त्यांचे यजमान शेजारच्याच टेबलावर बसत. त्यांना सगळे दादा म्हणत. चाचणी हिरवी झाली, म्हणजे पास झाली, तरी वहिनींचं समाधान होत नसे. "आधी मुद्दाम मोडून बघा. लाल झाली तरच ती चाचणी," असं त्या म्हणत.

मग वहिनी आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या ओळींना हात लावायला कुणी धजेना.

पुढे तापमापक बंद पडला तर हीटरही बंद होतो का, याची चाचणी लिहायची वेळ आली. ते काम टीममधल्या नव्या मुलाकडे, गप्पीदासाकडे होतं. मला काढायला हवं होतं. पण दादांना वाईट वाटेल म्हणून त्याने मला तसंच ठेवलं आणि माझ्या खाली दुसरं उत्तर लिहिलं, "तापमापक बंद."

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं झाली. आमचं मॉकिंग फ्रेमवर्क, म्हणजे आम्हा स्टबांची उत्तरं प्रोग्रामला पोचवणारी यंत्रणा, पहिलं उत्तर धरायचं आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही. मी नेहमीसारखं "सदतीस" म्हणालो. सदतीसला हीटर तसाही बंदच असतो. चाचणी हिरवी झाली. प्रोग्राम आता रुग्णालयात जाणार होता.

दादांनी वहिनींच्या सवयीप्रमाणे, तापमापक बंद पडल्यावर हीटर बंद करणारी प्रोग्राममधली ओळ मुद्दाम काढून पाहिली. चाचणी हिरवीच राहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"खाली का लिहिलंस? वरचं का नाही काढलंस?"

"दादा, ती वहिनींची ओळ..."

"अरे, ती असती तर तुझा कान धरला असता. माझाही."

त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसलं. बोट बराच वेळ बटणावर तसंच होतं. मग हीटरची ओळ परत घातली, तरी चाचणी लालच! ती ओळच चुकीची लिहिलेली होती; तापमापक बंद पडला की आमचा प्रोग्राम हीटर चालूच ठेवत होता. ती चूक तिथेच पकडली गेली.

दादांनी फ्रेमवर्कही बदललं. आता त्याच प्रश्नाला दुसरं उत्तर आलं, की ते थांबतं आणि विचारतं. बदल हवाच असेल तर "जुनं काढून हे घे" असं उघड लिहावं लागतं.

त्या दिवशी दादा गप्पीदासाला म्हणाले, "त्या खुर्चीत बस. तिथे उजेड चांगला येतो."

मी आता प्रोग्रामच्या जुन्या प्रतीत असतो. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. पण त्यांच्या आड नवी वस्तू गुपचूप ठेवू नका. आमच्यासारख्यांना हलवायची वेळ आली, तर सांगून हलवा. आम्हाला राग येत नाही.