रहाट कोण ओढतं?

गिरीज गावच्या बेसिल मास्तरांना देव सिद्ध करता येत असे. हो, चक्क सिद्ध! खडू घेऊन, फळ्यावर, पाऊण तासात. दृढीकरणाच्या संस्काराआधी चर्चमध्ये जो धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो, तो मास्तरांनी अडतीस वर्षं घेतला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला मास्तरांचा रहाट विसरता आलेला नाही. गावात कुणी फार अक्कल पाजळायला लागला की आजही म्हणतात, "याला मास्तरांच्या रहाटाला जुंपा रे."

तर तो रहाट असा. फळ्यावर आधी विहीर काढायची, मग तिच्यात उतरणारी मडक्यांची गोल माळ. "हे मडकं वर का येतंय? वरचं मडकं त्याला ओढतंय म्हणून. आणि त्याला? त्याच्या वरचं. असं कुठवर मोजाल?" एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारायची, "सर, पण जगाला सुरुवातच नसेल तर?" मास्तर याचीच वाट बघत असायचे. "अगं बाई, माळ गोल आहे! तिलाही पहिलं मडकं नाही. म्हणून काय ती आपोआप फिरते? लाख मडकी लाव, एकाच्याही अंगात स्वतःची ओढ नाही. ओढणारा बाहेर कुणीतरी लागतोच." मग विहिरीबाहेर बैल काढायचा आणि ठेवणीतलं वाक्य टाकायचं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" पोरं वहीत बैल उतरवून घ्यायची, की झालं, देव आहे हे ठरलं.

हा रहाट मास्तरांनी कुठल्या पुस्तकातून आणला नव्हता. तो त्यांच्या सासऱ्यांचा. इनेझ ही सासऱ्यांची एकुलती एक लेक, म्हणून मास्तर घरजावई होऊन याच वाडीत आले. गावानं त्यांना त्यावरून चिडवायचं तेवढं चिडवून घेतलं. तेव्हा मागच्या विहिरीवर रहाट चालू होता आणि त्याचं पाणी पाटानं पानवेलींना जायचं. आता तिथं विजेचा पंप आहे, आणि बैल जुंपायचा लांब दांडा गोठ्याच्या भिंतीला टेकून धूळ खातोय.

जानेवारीत इनेझला डॉक्टरांनी घरी पाठवलं. "घरी न्या, आवडेल ते खायला द्या," म्हणाले. याचा अर्थ काय होतो हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्या बाईच्या आवाजाशिवाय आळीतली रोझरीची प्रार्थना सुरू व्हायची नाही, ती बाई खाटेला खिळली. मुलगी ब्रेंडा बँकेतून रजा टाकून आली. जायला टेकलेल्या माणसाला फादर प्रार्थना म्हणत तेल लावतात. मंगळवारी सकाळी ती आईला म्हणाली, "मम्मी, फादर केनी पवित्र तेल घेऊन येतायत. दुपारी."

"नको," इनेझ म्हणाली.

ब्रेंडाला वाटलं, दुखतंय म्हणून म्हणतेय. "मग संध्याकाळी बोलवू?"

"कधीच नको. तेल लावलं की आमेन म्हणावं लागतं." ती मास्तरांकडे वळली. लग्नापासून ती त्यांना मास्तरच म्हणायची. "सहा महिने झाले, मास्तर. मी बोलते आणि माझाच आवाज माझ्याकडे परत येतो. तिकडे कुणी आहे असं मला वाटेनासं झालंय. आयुष्यभर खरी वागले, आता मरताना खोटं आमेन कशाला म्हणू?"

लोक काय म्हणतील हा विचार मास्तरांच्या मनात आला, खोटं कशाला सांगा, पण तो आला तसा गेला. खरी भीती निराळी होती. बावन्न वर्षं जिच्याशेजारी गुडघे टेकले, ती आपलं कुणी नाही असं समजून एकटी निघून जाणार.

आणि घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. मास्तरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि रहाट मांडला. विहीर, माळ, मडकी, सगळं. एक पायरी चुकली नाही. इनेझनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ओढणारा आहे, हे मला पटतं," ती सावकाश म्हणाली. "पण मास्तर, तुम्ही बैलाला झापडं बांधायला विसरलात."

"कसली झापडं?"

"आमच्या बैलाच्या डोळ्यांना बाबा झापडं बांधायचे. नाहीतर गोल गोल फिरून त्याला घेरी येते. त्याला मडकी दिसायची नाहीत, पाणी दिसायचं नाही. एखादं मडकं फुटून खाली गेलं तरी त्याला पत्ता नसायचा, तो आपला फिरतच राहायचा." तिला धाप लागली. "असला ओढणारा असला काय आणि नसला काय. मी फुटले हे त्याला दिसतंय का, एवढंच मला सांगा."

अडतीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. मास्तरांनी उगाच चष्मा पुसला. मग पुन्हा "हे बघ, मडकं—" म्हणून सुरुवात करायला गेले, तशी ब्रेंडा भडकली. "पप्पा, बस्स करा! ती चाललीय आणि तुम्ही वर्ग घेताय!"

मास्तर उठले आणि मागच्या दारानं विहिरीवर गेले. देवाला चार शब्द सुनवावे असंही मनात आलं. पण ज्याला झापडं आहेत त्याला सुनवून उपयोग काय? ते गोठ्याच्या भिंतीशी बसले. हात टेकायला गेले तो दांड्यावर पडला. दांडा टोकाच्या जरा अलीकडे गुळगुळीत झिजला होता. मास्तर बोटांनी ती जागा चाचपत राहिले. जू बांधायची खाच तर पुढे टोकाशी होती. मग इथं लाकूड कुणी झिजवलं?

आणि मग आठवलं. कसं नाही आठवणार! लग्नानंतरचा पहिलाच गुड फ्रायडे, प्रभूनं खांद्यावर क्रूस वाहिला तो दिवस. ऊन रणरणत होतं. सासरे बैलाला जुंपत नसत त्या दिवशी. म्हणायचे, "आज कुणाच्या मानेवर जू नको." पण वेलींना थोडाच गुड फ्रायडे कळतो? त्या एका दिवसात माना टाकतील. म्हणून सासरे माळेतली निम्मी मडकी सोडून ठेवायचे आणि दांडा स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे. उपाशीपोटी, अनवाणी, पाट भरेपर्यंत फेऱ्या घालायचे. कडक इस्त्रीचा सदरा घातलेले नवे जावईबापू काठावर उभे राहून म्हणाले होते, "बाबा, पंप बसवा ना." सासरे नुसते हसले होते. पुढे वर्गात रहाट शिकवताना मास्तरांनी तो दिवस मुद्दाम गाळला. ओढणारा बाहेरचा, वेगळा हवा. धनीच जुवाखाली आला की आकृती बिघडत होती.

"दिव्याखाली अंधार तो हाच," मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि भिंतीला धरून उठले.

इनेझ जागीच होती. मास्तर या वेळी खुर्चीवर बसले नाहीत, खाटेच्या कडेला बसले. "एक विचारतो. गुड फ्रायडेला रहाट कोण ओढायचं?"

तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती हळूहळू सुटली. "बाबा."

"झापडं लावून?"

"त्यांना कशाला झापडं?" ती पुटपुटली. "मी लहान होते. काठावर बसून कुठलं मडकं गळतं ते सांगायचं, हे माझं काम. मी विहिरीत पडेन म्हणून त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. माझ्यासमोर आले की दर फेरीला हाक मारायचे, 'इनू, आहेस ना?' मी ओरडायची, 'आहे!' की ते पुढच्या फेरीला लागायचे." तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. "खांदा सोलून निघायचा त्यांचा. आई हळद लावायची."

"इनेझ, हा काही पुरावा नाही," मास्तर म्हणाले. त्यांनाही रडू आवरत नव्हतं. "मला खरंच ठाऊक नाही तो तुला उत्तर का देत नाही. मलाही देत नाही, गेले सहा महिने. तुला सांगायची लाज वाटली. पण ज्याच्यापुढे आपण जन्मभर गुडघे टेकले, तो बैल नव्हे गं. तो खांदा सोललेला आहे. मीच फळ्यावर चुकीचं चित्र काढत राहिलो."

ब्रेंडा दारात उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती.

"तुम्हीच म्हणता ना," इनेझ म्हणाली, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? झापडं बांधलेल्यानं माझा बाप कसा घडवला असेल, मास्तर? कुठून आणलं असेल त्याच्यात ते बघणं?" ती थोडी हसली. "आवाज अजून येत नाही हं. पण आमेन खोटं होणार नाही आता. फादरांना येऊ दे."

फादर केनी चार वाजता आले. तेही मास्तरांच्याच वर्गातले, रहाट तोंडपाठ असलेले. त्यांनी इनेझच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. तिचं आमेन इतकं बारीक होतं की फादरांना वाकावं लागलं, पण ते तिनं स्वतः म्हटलं.

गुरुवारी, उन्हं अंगणात आली असताना, तिचा श्वास तुटायला लागला. मास्तर खाटेच्या पायथ्याशी गेले, तिला समोर दिसतील असे उभे राहिले. जन्मात कधी त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती.

"इनू, आहेस ना?"

"आहे," ओठ हलले.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. पापण्या हलल्या, ओठ हलले, आवाज आला नाही.

तिसऱ्यांदा विचारायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. आता तिला विचारणारा दुसरा होता. मास्तरांनी ब्रेंडाचा हात धरला आणि दोघं तिथंच गुडघ्यांवर बसली.