बाणाच्या उलट

बायको गेल्यापासून मिस्त्रीचं सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि नातेवाइकांना काळजी होती ती त्याचीच. माणूस रडला नाही, दारू पिऊन पडला नाही, कुणाच्या अंगावर ओरडला नाही. कुणी जेवायला वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर तसाच झोपायचा. भेटायला आलेले तोंडं पाडून बसायचे आणि हाच त्यांना विचारायचा, चहा घेणार का? "दगड झालाय नुसता," लोक म्हणायचे. दगड निदान उन्हात तापतो. हा तेवढाही तापत नव्हता.

मोठमोठ्या इमारतींमधले एक्झॉस्ट पंखे बसवायचे आणि सांभाळायचे, हा त्याचा धंदा. हॉटेलांची स्वयंपाकघरं, तळघरातली पार्किंग, धुलाईखाने. जिथली वाफ, धूर आणि कुबट वास बाहेर ढकलावा लागतो तिथे मिस्त्रीला बोलावणं यायचं. घरातल्या भिंतीवरचा टीचभर पंखा इथे डोळ्यांपुढे आणू नका. हे पंखे छातीएवढे उंच, गोलगरगरीत पत्र्याच्या डब्यात बसवलेले, मोटर आणि पट्ट्यावर चालणारे. आणि त्यांची एक वाईट खोड असते. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन उलटसुलट जोडल्या गेल्या की पंखा उलटा फिरतो, पण हवा बाहेरच फेकतो, फक्त निम्म्याहून कमी. म्हणजे आवाज तोच, थरथर तीच आणि काम मात्र नावाला. अशी माणसंही असतात, पण त्यांच्यावर बाण रंगवायची सोय नाही. पंख्याच्या डब्यावर असते; कुठल्या बाजूने फिरायला हवं ते तो बाण सांगतो.

पंखा त्या बाणाप्रमाणे फिरतोय का, हे बघायला दोन माणसं लागतात. एक स्विचपाशी, एक पंख्यापाशी. पंख्यापाशी उभा असलेला ओरडतो, "दे!" दुसऱ्याने खटका दाबून लगेच सोडायचा. पंखा आळस दिल्यासारखा अर्धा फेरा घेतो, तेवढ्यात दिशा कळते. एकदा का तो पूर्ण वेगात गेला की नुसतं धूसर चाक दिसतं. ते डावीकडे चाललंय की उजवीकडे, हे सांगायची कुणाची छाती नाही.

इतकी वर्षं स्विचपाशी असायची ती बायको. तिला बरं नसलं तर कधीमधी मिस्त्रीची थोरली बहीण, ताई. पण खरा हात बायकोचा. तिकडून हा "दे!" म्हणाला की खटका वाजायचा आणि मागोमाग तिचा आवाज यायचा, "बघितलंत का, की लागली डुलकी?"

ती गेल्यावर पहिलं मोठं काम आलं ते ताई कामाला होती त्या हॉटेलच्या तळघरातल्या इस्त्रीखान्याचं. जुनी मोटर जळली होती, नवी बसवायची होती. रात्री इस्त्रीखाना बंद असताना मिस्त्रीने ती एकट्याने बसवली. वायरी जोडल्या, दोन दारं ओलांडून स्विचपाशी आला, खटका दाबला आणि लगबगीने परत गेला. पोचेपर्यंत पंखा पूर्ण वेगात. बंद करून, तो थांबता थांबता दिशा बघता आली असती. शिकाऊ पोरालाही सुचलं असतं. पण सुचायला डोक्यात कुणी हजर लागतं. त्याने जाळीला एक कागद लावून पाहिला. कागद चिकटला, म्हणजे हवा ओढली जात होती; तेवढ्यावर त्याने भागवलं. हत्यारं पिशवीत भरून मिस्त्री घरी गेला आणि भिंतीकडे बघत बसला.

दीड-दोन महिन्यांनी तो वंगण भरायला आणि पट्टा बघायला परत आला, तेव्हा मॅनेजरने त्याला दारातच गाठलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता.

"मिस्त्री, तुमच्या ताईंचं जरा अवघड झालंय," तो म्हणाला. "काल इस्त्री करता करता खाली पडल्या. महिनाभर बघतोय, काम उरकत नाही त्यांच्याच्याने. वय झालं. शनिवारनंतर त्यांना नको म्हणणार आहे मी."

मिस्त्रीने ऐकून घेतलं. ताई सोडून इस्त्रीखान्यातल्या सगळ्याच बायका उकाड्याची तक्रार करत होत्या, हेही त्याला कळलं.

"पण मोटर तर नवीकोरी बसवलीय तुम्ही," मॅनेजर म्हणाला. "तेवढा पंखा बघून मला सांगा. पंखा ठीक असेल तर माझा नाइलाज आहे."

नवऱ्यामागे ताईने याच इस्त्रीवर घर चालवलं होतं. हातावर पोट. ती नोकरी आता भावाच्या एका शब्दावर टांगली होती, हे मिस्त्रीला समजलं. समजलं इतकंच. काळजात चर्र वगैरे काही झालं नाही.

इस्त्रीखान्यात पाऊल टाकलं आणि वाफ तोंडावर आली. बायकांच्या पाठी भिजलेल्या होत्या. ताई एका स्टुलावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. उभं राहून इस्त्रीचं दाबयंत्र चालवायला तिला आज मनाई होती. भावाला बघून ती झटकन उठली.

"पट्टा सैल झाला असेल रे," ती हळूच म्हणाली. "घट्ट कर नि जा. साहेबांनाही तेच सांग."

"बघतो."

"बघायचं काय त्यात? सांगितलं ना, पट्टा असेल."

त्याने खटका बंद केला आणि दोन दारं ओलांडून पंख्यापाशी गेला. पंखा अजून फिरत होता, पण वेग उतरत होता. धूसर चाकाची पाती वेगळी दिसू लागली, मग एकेक पातं मोजता येऊ लागलं. ती पाती बाणाच्या उलट चालली होती. मिस्त्री ते शेवटपर्यंत बघत उभा राहिला. आपण हे केलं, असं त्याने मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं वाटलं.

मोटरचं झाकण उघडून त्याने दोन वायरींची अदलाबदल केली. आता दिशा बघायची होती. तो वळला, स्विचकडे निघाला आणि थांबला. दोन उघड्या दारांमधून पलीकडे ताई दिसली. ती भिंतीवरच्या खटक्यापाशी जाऊन उभी राहिली.

मिस्त्री परत पंख्यापाशी गेला. बऱ्याच दिवसांत तो शब्द तोंडून निघाला नव्हता.

"दे!"

खटका वाजला आणि लगेच सुटला. पंख्याने बाणाच्या बाजूने अर्धा फेरा घेतला. मागोमाग कुणाचा आवाज आला नाही.

मग चालू ठेवल्यावर पंखा घुमला आणि इस्त्रीखान्यातली वाफ जाळीकडे ओढली गेली. हँगरवरचे शर्ट एका अंगाला झुकले. बायकांचे हात थांबले. एकीने मान वर करून डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली.

मॅनेजर जिना उतरून आला. "काय होतं, मिस्त्री?"

"पट्टा सैल होता," ताई मध्येच म्हणाली. "कालपरवाच सुटला असेल."

"कालपरवा? मग महिनाभराचं काय? तुम्ही तर तेव्हापासून मागे पडताय."

ताईने मान खाली घातली. आपलेच दात नि आपलेच ओठ. जाईल तर आपली नोकरी जाईल, भावाचं नाव नाही निघणार, असा हिशेब तिने कधीच करून ठेवला होता.

"पट्टा ठीक होता," मिस्त्री म्हणाला. "पंखा उलटा फिरत होता. मी बसवला त्या दिवसापासून."

आवाज चढला नाही की कापला नाही. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं. मॅनेजर त्याच्याकडे बघत राहिला, मग भिजलेल्या पाठींकडे, मग ताईकडे.

"ताई, तुम्ही राहा," तो शेवटी म्हणाला. "आणि मिस्त्री, तुम्ही उद्यापासून येऊ नका. मालकांच्या दुसऱ्या इमारतींतही नको. मला कळवावं लागेल."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. त्याच्या हातातली जवळजवळ सगळी कामं त्या मालकाचीच होती.

हत्यारांची पिशवी उचलून तो मागच्या दाराने बाहेर पडला, तर ताई पाठोपाठ तरातरा आली.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?" ती कडाडली. "झाकली मूठ उघडायला सांगितलं होतं कुणी? मला चार घरची भांडी मिळाली असती. तू काय करणार? हे काम होतं म्हणून सकाळी उठून अंघोळ करत होतास. आता घरी बसून भिंती मोजणार?"

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. जेवणाच्या सुट्टीत पंखा बंद केला की थांबताना दिसायचा ना. डोळे आहेत मला."

"मग सांगायचंस."

"काय सांगणार होते?" ताईचा आवाज एकदम उतरला. "पंखा उलटा लागला म्हणून सांगितलं असतं, तर का लागला तेही तुला कळलं असतं. खटक्यापाशी कुणी नव्हतं म्हणून. ते मी माझ्या तोंडाने सांगू?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिचा गळा, मान, कोपरांच्या आतली बाजू, सगळं घामोळ्यांनी लालभडक झालं होतं. काही ठिकाणी सोललं होतं. इतके दिवस ती हे घेऊन दर रविवारी त्याच्या घरी येऊन स्वयंपाक करून जात होती आणि तो ताटाकडे बघून जेवत होता.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दुखणार नाही तर काय? माणूस आहे मी."

त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. ते दाबायला त्याला जमेना. पिशवी हातातून सुटून पायरीवर आपटली. तो तिथेच खाली बसला.

"ताई," तो म्हणाला, "ती गेली गं."

"हो रे," ताई म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. आतून कुणीतरी तिला दोनदा हाक मारली. ती उठली नाही.