रिकाम्या भूखंडाची दर्शनी बाजू

नगरपंचायतीच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘स्थळपाहणीच्या वेळी भूखंड रिकामा होता व मुदतीत एकही हरकत आली नाही.’ उत्तरार्ध खरा आहे. पाहणी दिवाळीआधी उरकली, हरकतींची नोटीस मात्र माघात डकवली. हरकत घेऊ शकणारे धनगर तोवर मेंढरांमागे पाटणच्या डोंगरात पोचले होते. ‘रिकामा’ या शब्दाचे तेवढ्याने भागत नाही.

त्याच डोंगरात त्यांच्यातली अंबूबाई वारली. मृगाच्या तोंडावर तिचा मुलगा दादासो परतला, तो तिच्या नावाचा दगड घोंगड्यात बांधून. गावाच्या कडेला बापाचे थडगे होते. शेजारी आईचा दगड बसवायचा, एवढेच मागणे.

थडग्याच्या जागी, त्या ‘रिकाम्या’ भूखंडावर, चार महिन्यांत घाईने उभारलेले तीन मजली व्यापारी संकुल होते. ‘दर्शनी बाजूस स्थानिक संस्कृती दिसावी’ ही नगरपंचायतीच्या बांधकाम समितीची अट, म्हणून भिंतभर सिमेंटची एक धनगर म्हातारी बसवलेली. तिचा डावा हात खाली पसरलेला, कशावरही न टेकलेला. त्या हाताला दोन बोटे नव्हती. अंबूबाईलाही नव्हती, ती लांडग्याने नेली होती.

समोर भाजी विकणारी हरणाबाई म्हणाली, “दादासो, रोज दुपारी त्या हाताची सावली एकाच फरशीवर पडती बघ. सावली सरंस्तवर गिऱ्हाईक तिथं पाय देत न्हाई.”

“कुठली फरशी?”

“तुला ठावं हाय की रं. मला कशाला वदवून घेतोस?”

दादासोने अर्ज दिला : ती फरशी उकला, आईला बापाशेजारी जागा द्या. सुनावणीत, पाहणी करणारे अभियंता इंद्रजित यांनी अहवालातले वाक्य पुन्हा वाचले. दगड मांडीवर घेऊन बसलेला दादासो ऐकत होता.

“जागा रिकामी व्हती, तर माझ्या आईला तुमी कवा बघितलं, सायेब? उभ्या जन्मात ती तुमच्या हापिसाची पायरी चढली न्हाई. भिंतीवर कशी चढली?”

 इतिवृत्तात यापुढे इंद्रजित यांचे उत्तर आहे, शब्दशः :

“पाहणीच्या फोटोत बाई थडग्यावर हात ठेवून बसल्या होत्या. जागा रिकामी दाखवायची होती, म्हणून मी फोटोतून थडगं पुसलं. भिंतीवरच्या म्हातारीसाठी चेहरा हवा होता, म्हणून बाईंना ठेवलं. हात कशावर होता, ते कुणी विचारेल असं वाटलं नाही.”