अबोल्याचा अकरावा दिवस

मिस्त्री आणि वहिनी यांच्यात अबोला धरला गेला तो सासूबाईंवरून. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, आणि गॅरेजचा निम्मा भार तिच्यावर होता. खाली गॅरेज, वर दोन खोल्या आणि त्या खोल्यांत मिस्त्रींची आईही. आईने दोन महिने थोरल्या भावाकडे राहावं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण भावाचा फोन आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "छे रे, आई इथेच बरी आहे. आमच्या हिला कसला त्रास?"

वहिनी जिन्यात उभी होती. तिने ते ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीही आपलं लावलं. माघार घेणं त्या घरात कुणालाच जमत नसे.

वर अडचण नव्हती. सासूबाई मध्ये बसून निरोप पोचवत.

"आई, त्यांना सांगा, चहा गार होतोय."

"अरे, चहा गार होतोय म्हणे."

"होऊ दे म्हणावं."

दोघं तीन हातांवर बसलेली असत. सासूबाईंना सुरुवातीला हसू यायचं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझं काय पोस्ट ऑफिस केलंत?" पण निरोप त्या पोचवतच राहिल्या.

खाली गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट होती. तिचे चार लोखंडी हात गाडीखाली सरकवायचे, बटण दाबून गाडी डोक्याच्या वर न्यायची आणि खांबातल्या खटक्यांवर टेकवायची. मिस्त्री गाडीखाली, वहिनी बटणाशी. गाडी उतरवण्याआधी वहिनी विचारायची, "मोकळं?" खाली माणूस नाही, सामान नाही, हे बघून मिस्त्री म्हणायचे, "मोकळं." तरी तिचा विश्वास बसायचा नाही. ती स्वतः गाडीभोवती फेरी मारायची आणि मगच बटणाला हात लावायची. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

अबोल्यात विचारायचं कसं? दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी खांबावर पान्याने एकदा ठोकून वर बोट केलं. संध्याकाळी दोनदा ठोकून खाली बोट केलं. वहिनीला कळलं. काम भागलं, आणि दोघांनाही त्याचा थोडा अभिमानच वाटला. फेरी मात्र बंद पडली. फेरी मारायची तर मिस्त्रींच्या पुढ्यातून जावं लागायचं.

अकराव्या दिवशी सकाळी लिफ्टवर एका निवृत्त मुख्याध्यापिकेची गाडी होती. मागचा एक्सल उतरवायचा होता. मागचं वजन निघालं की गाडी नाकावर झुकते, म्हणून मिस्त्रींनी पुढे इंजिनाखाली घोडी लावली. घोडी म्हणजे उंच लोखंडी टेकू. वहिनी तेव्हा बाजूच्या टेबलावर पाठमोरी बसून नटबोल्ट निवडत होती. घोडी लावलेली तिने पाहिली नाही, आणि मिस्त्रींनी ती सांगितली नाही.

एक बोल्ट गंजून बसला होता. मिस्त्रींनी त्यावर हातोडीचे दोन घाव घातले. डोळ्यांत गंज उडाला म्हणून ते थांबले आणि बाहीने डोळे पुसू लागले.

वहिनीने दोन ठोके ऐकले. ती उठली आणि खांबाशी गेली.

खटके सुटायला गाडी आधी बोटभर वर घ्यावी लागते. मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा घोडी आणि इंजिन यांच्यामध्ये फट दिसत होती. काय चाललंय ते त्यांना लगेच कळलं. एक हाक पुरली असती.

गाडी खाली येऊ लागली. तिचं नाक घोडीवर अडलं, मागची बाजू उतरतच राहिली. पुढचे हात गाडीपासून सुटले, घोडी कलली आणि गाडी आडवी होत एका खांबावर आदळली, तिचं छत चेपलं. मिस्त्रींनी भिंतीकडे उडी घेतली होती. निसटलेली घोडी त्यांच्या नडगीवर येऊन बसली.

"अहो!" वहिनी किंचाळली. "अहो, कुठे आहात?"

"इथे. भिंतीपाशी. तू जवळ येऊ नकोस, गाडी अजून हलतेय."

अकरा दिवसांनी ती दोघं एकमेकांशी बोलली ती ही वाक्यं.

पायाची दोन्ही हाडं मोडली होती. हॉस्पिटलात प्लास्टर घालून होईपर्यंत वहिनी एकच पालुपद धरून बसली. "मी फेरी मारायला हवी होती."  शेवटी मिस्त्री म्हणाले, "मला दिसलं होतं गं. गाडी वर गेली तेव्हाच दिसलं. शब्द अगदी ओठांवर होता. वाटलं, पहिलं मीच का बोलायचं?"

 वहिनी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने परत आली आणि त्यांची चादर सारखी करू लागली.

तिसऱ्या दिवशी लिफ्टचा फिटर आला. एक हात वाकला होता, एका खांबाचे जमिनीतले बोल्ट ढिले झाले होते. त्याने लिफ्टला साखळी घातली. "महिनाभर हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "यंत्रात खोट नव्हती बरं का. पण मला एक सांगा, एवढं होईपर्यंत कुणी ओरडलं कसं नाही?"

"नाही ओरडलो," मिस्त्री म्हणाले.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी थोरल्याला फोन लावला आणि पिशवी भरली. मिस्त्री अडवू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "रागावून नाही जात रे. मीच चुकले. निरोप पोचवले नसते, तर तिसऱ्या दिवशी भुकेने तरी बोलला असतात." वहिनीने त्यांची औषधं पिशवीत ठेवली आणि कोणती कधी घ्यायची ते दोनदा सांगितलं.

मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचं काम वहिनीने स्वतःकडे घेतलं. लिफ्ट बिघडली असं सांगता आलं असतं. शेजारच्या टायरवाल्याने तसं सुचवलंही होतं. वहिनीने अबोल्यापासून घोडीपर्यंत सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भांडण कशावरून होतं?"

"घरचंच होतं."

"खरं सांगितलंत, हे बरं केलंत," बाई म्हणाल्या. "गाडीचं छत दुरुस्त करून द्या. पण त्यानंतर गाडी मी दुसरीकडे नेईन. राग मानू नका. आता इथे ठेवली तर मला सारखी तुमचीच काळजी लागून राहील."

वहिनीने मान हलवली. दोन महिन्यांनी गाडी तयार झाली. मिस्त्री काठी टेकत दारापर्यंत आले. बाईंना गाडी मागे घेताना नेहमी भीती वाटायची, म्हणून वहिनी रस्त्यात उतरली. हात वर करून तिने मागून येणारा टेम्पो थांबवला आणि ओरडली, "या बाई, या. अजून या. बास."